मानसशास्त्राची पदवी : निरनिराळ्या देशांतील विद्यापीठीय परंपरांचा तौलनिक विचार

१. प्रास्ताविक

जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकाच्या हातीं एखादी सनद, महजर किंवा निवाडपत्र आलें म्हणजे त्याचे पहिले प्रश्न ठरलेले असतात : हा कागद कोणीं दिला, कोणास दिला, आणि त्यामुळें घेणारास कोणता अधिकार प्राप्त झाला? शब्द एकच असला तरी देणारें सरकार, काल व प्रांत बदलला कीं अर्थ बदलतो, हें आपणांपैकीं प्रत्येकास अनुभवानें ठाऊक आहे. कागदांत 'बिघा' आला म्हणजे तो सर्व प्रांतीं सारख्याच क्षेत्राचा असेल, असें कोणीहि जाणता संशोधक धरून चालत नाहीं. परंतु हीच सावधगिरी विद्यापीठांच्या पदवीपत्रांविषयीं मात्र पाळली जात नाहीं. एखाद्या विद्वानाच्या नांवापुढें 'एम्.ए.' किंवा 'पीएच्.डी.' हीं अक्षरें दिसलीं कीं तीं जणूं सर्व देशांत व सर्व कालीं एकाच वजनाचीं नाणीं आहेत, अशा समजुतीनें चरित्रकार लिहून जातात.

गेल्या दीडशें वर्षांतील खाजगी दप्तरें जसजशीं संशोधकांच्या हातीं येऊं लागलीं आहेत, तसतशीं त्यांत पदवीपत्रें, छापील प्रबंध, व्याख्यानांचीं टिपणें व प्रयोगवह्याहि येणारच. त्यांची परीक्षा कशी करावी, याचा एक नमुना म्हणून मानसशास्त्र या विषयाची निवड येथें केली आहे. कारण असें कीं, हें शास्त्र विद्यापीठांत तुलनेनें अगदीं अलीकडे आलें. तत्त्वज्ञान, वैद्यक व शरीरविज्ञान या तीन जुन्या घरांतून फुटून त्यानें आपलें बिऱ्हाड थाटलें. आणि ही वाटणी प्रत्येक देशांत निराळ्या रीतीनें झाली. त्यामुळें 'मानसशास्त्राची पदवी' या दोन शब्दांनीं बर्लिन, केंब्रिज, पॅरिस व कलकत्ता येथें चार निरनिराळ्या गोष्टींचा बोध होतो.

२. जर्मनी

या शास्त्राच्या विद्यापीठीय अध्ययनाचा उगम सांगतांना लाइप्झिग येथील विल्हेल्म वुंट याची प्रयोगशाळा व १८७९ हें साल सर्वत्र दिलें जातें. हें साल संकेतानें ठरलेलें आहे, एवढें प्रथम ध्यानांत ठेवावें. वुंट लाइप्झिगास आला तो १८७५ सालीं, आणि प्रयोगाचीं साधनें ठेवण्यापुरती जागा त्यास त्याच सुमारास मिळाली. विद्यार्थ्यांचें स्वतंत्र संशोधन तेथें १८७९ मध्यें सुरू झालें. आणि विद्यापीठानें तिला आपल्या अधिकृत संस्थांत स्थान दिलें तें १८८३ मध्यें. म्हणजे एकाच संस्थेला तीन जन्मवर्षें लावतां येतात, व तिन्हींना आधार आहे. शकावलींतील नोंदी व समकालीन पत्रें यांचा मेळ घालणारांस हा प्रकार नवा नाहीं.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, वुंटच्या प्रयोगशाळेंत मानसशास्त्राची पदवी मिळत नव्हती. विद्यार्थी तत्त्वज्ञानशाखेंत नांव घाली, मनास येतील त्या प्राध्यापकांचीं व्याख्यानें ऐके, एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाई, आणि शेवटीं एक संशोधनपर प्रबंध सादर करून एका मुख्य व कांहीं उपविषयांत तोंडी परीक्षा देई. उत्तीर्ण झाल्यावर त्यास मिळे ती तत्त्वज्ञानाच्या आचार्याची पदवी. इंग्रजी पद्धतीची बी.ए. तेथें नव्हती, आचार्यपद हीच विद्यापीठाची पहिली आणि शेवटची पदवी होती. १९३२ सालीं मायल्स टिंकर या अमेरिकन अभ्यासकानें वुंटच्या देखरेखीखालीं आचार्य झालेल्यांची यादी केली, तींत १८६ नांवें आढळलीं. त्यांपैकीं ११६ जणांचे प्रबंध मानसशास्त्रावरील व ७० जणांचे शुद्ध तत्त्वज्ञानावरील होते. सबब 'वुंटचा शिष्य' एवढ्यावरून अमुक गृहस्थ प्रयोगनिपुण मानसशास्त्रज्ञ होता, असा निष्कर्ष काढणें सुरक्षित नाहीं. खुद्द वुंट तर वैद्यकाचा पदवीधर होता.

संग्राहकांच्या दृष्टीनें जर्मन पद्धतीचा एक मोठा लाभ आहे. तेथें प्रबंध छापून त्याच्या ठरलेल्या प्रती विद्यापीठास द्याव्या लागत, आणि अशा छापील प्रबंधाच्या शेवटीं लेखकाचें संक्षिप्त जीवनवृत्त जोडण्याचा प्रघात असे. त्यांत जन्मस्थान, पित्याचा व्यवसाय, शिक्षणाचीं स्थळें व कोणकोणत्या गुरूंचीं व्याख्यानें ऐकलीं, हें बहुधा स्वतः लेखकानेंच नमूद केलेलें असतें. मागाहून लिहिलेल्या चरित्रापेक्षां हें एक पान अधिक विश्वसनीय मानावें.

केवळ मानसशास्त्र या नांवाची पदवी जर्मनींत निर्माण झाली ती १९४१ सालीं, व तीहि शुद्ध विद्याप्रेमानें नव्हे. सैन्यांतील अधिकाऱ्यांची निवड करण्यास मानसशास्त्रज्ञ हवे होते. त्यांच्या शिक्षणास एकसारखें रूप यावें म्हणून 'डिप्लोम' या नांवाची परीक्षा सरकारनें ठरवून दिली. पुढें गंमत अशी झाली कीं, १९४२ मध्यें भूसैन्य व वायुसैन्य यांनीं आपलीं मानसशास्त्रविषयक खातीं मोडून टाकलीं, पण त्यांच्यासाठीं निघालेली पदवी मात्र टिकली आणि युद्धोत्तर पश्चिम जर्मनींत अर्धशतकाहून अधिक काल चालली. ज्या कारणासाठीं वतन दिलें तें कारण संपावें आणि वतन मात्र पिढ्यानुपिढ्या चालावें, यांतलाच हा प्रकार. १९९९ च्या बोलोन्या येथील जाहीरनाम्यानंतर ही पदवी क्रमाक्रमानें मागें पडून तिच्या जागीं तीन वर्षांची 'बॅचलर' व दोन वर्षांची 'मास्टर' अशी दोन पायऱ्यांची रचना आली. मानसोपचारकांच्या शिक्षणाचा नवा कायदा २०२० मध्यें अमलांत आल्यापासून त्या व्यवसायाच्या परवान्याचा मार्गहि थेट विद्यापीठीय अभ्यासक्रमांतूनच जातो.

३. अमेरिका

अमेरिकेनें आचार्यपद जर्मनीकडून घेतलें, परंतु त्याखालीं इंग्रजी पद्धतीचें चार वर्षांचें महाविद्यालय तसेंच ठेवलें. अमेरिकेंतील पहिल्या पीएच्.डी. पदव्या येल येथें १८६१ सालीं दिल्या गेल्या. मानसशास्त्रांतील पहिला अमेरिकन आचार्य कोण, या प्रश्नास मात्र दोन उत्तरें आहेत. हार्वर्ड येथें १८७८ मध्यें स्टॅन्ली हॉल यास मिळालेली पदवी विषयाच्या दृष्टीनें मानसशास्त्राची, पण ती तत्त्वज्ञानविभागाच्या छत्राखालीं दिलेली होती. मानसशास्त्र या नांवानेंच दिलेली पहिली पदवी म्हणून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें १८८६ मध्यें जोसेफ जॅस्ट्रो यास दिलेल्या पदवीचा निर्देश करतात. एक पक्ष प्रबंधाच्या विषयाकडे पाहतो, दुसरा पदवीपत्राकडे. वाद व्यक्तींचा नसून प्रमाणाचा आहे. ज्या विल्यम जेम्सनें हॉलला शिकविलें, त्याची स्वतःची मिळविलेली पदवी एकच, आणि ती वैद्यकाची होती.

येथें एका प्रकरणाचा विस्तारानें उल्लेख करणें अवश्य आहे. मेरी व्हिटन कॅल्किन्स ही विदुषी वेलस्ली येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत शिकवीत असे, व तेथें तिनें १८९१ मध्यें प्रयोगशाळा स्थापिली. हार्वर्ड येथें जेम्स, रॉइस व म्युन्स्टरबर्ग यांच्याजवळ तिनें पाहुणी विद्यार्थिनी म्हणून अध्ययन केलें, कारण स्त्रियांस तेथें रीतसर प्रवेश नव्हता. १८९५ सालीं तिची आचार्यपदाची परीक्षा अनौपचारिक रीतीनें घेण्यांत आली, व परीक्षकांनीं ती सर्व अटींस पूर्णपणें उतरल्याचें कळविलें. तरीहि केवळ स्त्री असल्यामुळें हार्वर्डच्या चालकांनीं तिला पदवी नाकारली. १९०२ मध्यें रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी तिला देऊं केली, ती तिनें स्वीकारली नाहीं. जेथें काम केलें तेथील नव्हे अशी पदवी घेणें तिला प्रशस्त वाटलें नाहीं. पुढें १९०५ सालीं तीच अमेरिकन मानसशास्त्रीय संघाची अध्यक्ष झाली. १९३० मध्यें ती वारली, तोंपर्यंत हार्वर्डची पदवी तिला मिळाली नव्हती, व त्यानंतरहि मिळाली नाहीं.

हें प्रकरण इतिहासाच्या अभ्यासकास एक धडा देतें. पदवीच नाहीं म्हणून विद्या नव्हती, असें ठरवावें तर कॅल्किन्सचें सारें अध्ययन इतिहासांतून गळून पडेल. तें वांचलें याचें कारण परीक्षकांचें पत्र व चालकांच्या सभेच्या नोंदी जतन झाल्या हें होय. मुख्य कागद नसतांना त्याभोंवतालचे दुय्यम कागद किती मोलाचे ठरतात, याचें हें उत्तम उदाहरण आहे. त्याच काळीं कॉर्नेल येथें मार्गारेट वॉशबर्न हिला १८९४ मध्यें मानसशास्त्रांतील आचार्यपद मिळालें. तेव्हां देश एक, विषय एक, काल एक; परंतु विद्यापीठ बदलतांच न्याय बदलला.

अमेरिकेंतील चार वर्षांची पदवी सामान्य विद्येची असून मानसशास्त्र हा तींतील मुख्य विषय असतो, एवढेंच. तिनें व्यवसायाचा अधिकार मिळत नाहीं. तो अधिकार राज्यांच्या परवान्यांवर अवलंबून असून असा पहिला कायदा १९४५ मध्यें कनेक्टिकट राज्यानें केला. रुग्णांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ हा संशोधकहि असावा, असें १९४९ मध्यें बोल्डर येथील परिषदेंत ठरलें, व पीएच्.डी. हीच व्यवसायाची पदवी झाली. पुढें केवळ व्यवसायास अनुसरून 'साय्.डी.' ही निराळी पदवी इलिनॉय विद्यापीठानें १९६८ मध्यें सुरू केली.

४. इंग्लंड व स्कॉटलंड

इंग्लंडांत या शास्त्राचें स्वागत थंड झालें. केंब्रिज येथें जेम्स वॉर्ड यानें १८७७ च्या सुमारास प्रयोगशाळेची सूचना मांडली. आत्म्यास तराजूंत घालणें हा धर्माचा उपमर्द होय, अशा भावनेनें ती फेटाळली गेली. पुढें रिव्हर्स व मायर्स यांच्या परिश्रमांनीं १९१२-१३ मध्यें चांगली इमारत उभी राहिली, तरी विषयाला स्वतंत्र प्राध्यापकाचें आसन १९३१ सालीं फ्रेडरिक बार्टलेट याच्या नेमणुकीनें मिळालें. तोंपर्यंत व त्यानंतरहि बराच काल केंब्रिजचा विद्यार्थी मानसशास्त्र शिके तें नीतिशास्त्रें व तत्त्वज्ञान यांच्या परीक्षेचा एक भाग म्हणून. ऑक्सफर्ड तर आणखी मागें राहिलें. मानसशास्त्राचा समावेश असलेली सन्मान्य पदवीपरीक्षा तेथें १९४७ मध्यें निघाली, आणि तींतहि तत्त्वज्ञान व शरीरविज्ञान यांची सोबत होती.

इंग्रजी पदवीपत्रें वाचतांना तीन ठिकाणीं पाय घसरण्याचा संभव आहे. पहिलें : ऑक्सफर्ड व केंब्रिज यांची एम्.ए. ही परीक्षेची पदवी नव्हे, बी.ए. झालेल्यास कांहीं वर्षांनंतर निराळी परीक्षा न देतां ती मिळते. दुसरें : एडिंबरो, ग्लासगो, अॅबर्डीन व सेंट अँड्र्यूज या स्कॉटलंडांतील जुन्या विद्यापीठांत कलाशाखेची पहिलीच पदवी एम्.ए. या नांवाची असून ती सन्मानपूर्वक घेणारास चार वर्षें लागतात. तेव्हां एडिंबरोचा एम्.ए. हा मुंबईच्या एम्.ए.च्या जोडीस बसवितां येत नाहीं. त्याची तुलना सन्मान्य बी.ए.शींच केली पाहिजे. तिसरें : संशोधनाची पीएच्.डी. इंग्लंडांत १९१७ पर्यंत नव्हतीच. ती प्रथम ऑक्सफर्डनें 'डी.फिल.' या नांवानें आणली. त्यापूर्वींच्या एखाद्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या नांवापुढें पीएच्.डी. दिसली तर ती बहुधा परदेशीय समजावी. लंडन येथील चार्ल्स स्पिअरमन हें याचें प्रसिद्ध उदाहरण : ब्रिटिश सैन्यांतील नोकरी सोडून हा गृहस्थ लाइप्झिगास गेला व तेथें वुंटच्या हाताखालीं आचार्य झाला.

आजच्या इंग्लंडांत मानसशास्त्राची सन्मान्य पदवी तीन वर्षांची व स्कॉटलंडांत चार वर्षांची असते. १९०१ सालीं स्थापन झालेली ब्रिटिश मानसशास्त्रीय संस्था अभ्यासक्रमांस मान्यता देते, व व्यावसायिकांची सक्तीची सरकारी नोंदणी २००९ पासून सुरू झाली.

५. फ्रान्स

फ्रान्सचा वृत्तान्त थोडक्यांत आटोपतों. पॅरिस येथील सोर्बोन्न विद्यापीठांत प्रयोगशाळा निघाली ती १८८९ मध्यें. विद्यापीठाची मानसशास्त्र संस्था स्थापन झाली १९२० मध्यें. आणि स्वतंत्र पदवी मिळूं लागली १९४७ पासून. म्हणजे प्रयोगशाळा व पदवी यांत जवळजवळ साठ वर्षांचें अंतर पडलें. या अवधींतील फ्रेंच मानसशास्त्रज्ञांच्या पदव्या पाहिल्यास आश्चर्य वाटेल. ज्याच्या बुद्धिमापन पद्धतीचा जगभर प्रसार झाला त्या आल्फ्रेड बीने याचें १८९४ चें आचार्यपद निसर्गविज्ञानांतील असून प्रबंधाचा विषय कीटकांची मज्जासंस्था हा होता. शेजारच्या स्वित्झर्लंडांत जाँ पियाजे यानेंहि १९१८ मध्यें आचार्यपद मिळविलें तें मृदुकाय प्राण्यांवरील, अर्थात् शंखशिंपल्यांतील जीवांवरील, प्रबंधाबद्दल. अशा विद्वानांचीं पदवीपत्रें केवळ विषयाच्या नांवावरून वर्गीकरण करणाराच्या हातीं पडलीं, तर तीं खचित प्राणिशास्त्राच्या कप्प्यांत जातील! 'मानसशास्त्रज्ञ' ही उपाधि फ्रान्समध्यें १९८५ च्या कायद्यानें संरक्षित झाली असून विहित शिक्षण नसलेल्यास ती लावतां येत नाहीं.

६. हिंदुस्थान

कलकत्ता, मुंबई व मद्रास हीं तिन्ही विद्यापीठें १८५७ सालीं स्थापन झालीं तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवावें महाविद्यालयांनीं व परीक्षा घ्यावी विद्यापीठानें. त्यामुळें जर्मनीप्रमाणें गुरूच्या प्रयोगशाळेंत बसून संशोधन करण्यास येथें आरंभीं वावच नव्हता. मनाचें शास्त्र शिकविलें जाई तें तत्त्वज्ञानाच्या पोटांत व पुस्तकांच्या आधारें.

हा क्रम प्रथम कलकत्त्यानें मोडला. आचार्य ब्रजेंद्रनाथ सील यांनीं प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आंखला, व १९१६ च्या सुमारास तेथें स्वतंत्र विभाग सुरू होऊन हार्वर्ड येथें म्युन्स्टरबर्गजवळ शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे प्रमुख झाले. गिरींद्रशेखर बोस हे मूळचे वैद्य. त्यांनीं याच विभागांत अध्ययन करून १९२१ मध्यें डी.एस्सी. मिळविली. हिंदुस्थानांत मानसशास्त्रांत मिळालेलें हें पहिलें आचार्यपद होय. दडपलेल्या वासनांविषयींचा आपला प्रबंध त्यांनीं व्हिएन्नास फ्रॉइडकडे पाठविला, व त्या निमित्तानें दोघांत सुरू झालेला पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. १९२४ मध्यें म्हैसूर येथें विभाग निघाला, त्याचे प्रमुख एम्. व्ही. गोपालस्वामी हे लंडनास स्पिअरमनजवळ तयार झालेले होते.

यावरून एक गुरुपरंपरा स्पष्ट दिसते. म्युन्स्टरबर्ग व स्पिअरमन दोघेहि लाइप्झिगचे आचार्य. तेव्हां कलकत्ता व म्हैसूर हीं दोन्ही पीठें वुंटचींच नातवंडें, परंतु एकाची वाट अमेरिकेवरून आली व दुसऱ्याची इंग्लंडवरून. पदवीचा सांचा लंडनचा, गुरुपरंपरा जर्मन आणि विभागाची मांडणी हार्वर्डची, असा तिहेरी विणकाम असलेला हा वस्त्रपट आहे.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर पुणें विद्यापीठ १९४९ मध्यें कार्यास लागलें व पुढील वर्षीं तेथें प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उघडला, प्रा. व्ही. के. कोठुरकर यांनीं त्याची धुरा वाहिली. मुंबई विद्यापीठानें १९५९ मध्यें आपला विभाग काढतांना त्यास 'उपयोजित मानसशास्त्र' असें नांव दिलें. शंभर मैलांच्या अंतरावरील दोन विद्यापीठांच्या नांवांतच दोन दृष्टि प्रकट होतात : एकीस प्रयोग प्रधान, दुसरीस उपयोग. रुग्णोपचाराचें शिक्षण मात्र बंगळूर येथील अखिल भारतीय मनःस्वास्थ्य संस्थेंत १९५५ मध्यें सुरू झालें, आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीस कायद्याचा आधार मिळाला तो १९९२ च्या पुनर्वास परिषद अधिनियमानें.

७. तुलनेचें सार

वरील वृत्तान्तावरून चार घराणीं निराळीं करतां येतात. जर्मन घराण्यांत पदवी ही संशोधनाची साक्ष होती व मागाहून ती व्यवसायाची परीक्षा झाली. इंग्रजी घराण्यांत पदवी ही परीक्षेंतील श्रेणीची साक्ष आहे, व व्यवसायाचा अधिकार संस्थेच्या मान्यतेंतून व सरकारी नोंदणींतून येतो. अमेरिकन घराण्यांत पहिली पदवी सामान्य विद्येची, शेवटची संशोधनाची, आणि अधिकार राज्याचा. फ्रेंच घराण्यांत नियम सरकारचा, व उपाधीचें संरक्षण कायद्याचें. भारतीय पदवी ही इंग्रजी सांच्यांत ओतलेली असली, तरी तिच्यांतील धातु अनेक खाणींतून आलेला आहे.

आज युरोपांत या भिन्नतेवर एक तोड काढली गेली आहे. पांच वर्षांचें विद्यापीठीय शिक्षण व एक वर्षाचा देखरेखीखालील अनुभव ही किमान मर्यादा धरून 'युरोसाय' नांवाचें प्रमाणपत्र देण्यांत येतें. तथापि निरनिराळ्या वजनांचीं नाणीं एका टांकसाळींत नेऊन नवें नाणें पाडलें, म्हणून जुन्या नाण्यांचें वजन बदलत नाहीं. १९०० चा कागद १९०० च्या मापानेंच मोजला पाहिजे.

८. संग्राहकांस विनंती

सारांश, मानसशास्त्राचें जुनें पदवीपत्र हातीं आल्यास तीन प्रश्न विचारावेत. तें कोणत्या शाखेनें दिलें : तत्त्वज्ञानाच्या, विज्ञानाच्या कीं वैद्यकाच्या? तें कशाबद्दल दिलें : प्रबंधाबद्दल, लेखी परीक्षेबद्दल कीं केवळ कालावधि लोटल्याबद्दल? आणि त्यायोगें कोणता अधिकार मिळत होता? हीं तीन उत्तरें मिळाल्यावांचून 'अमुक देशांतील पदवी वरच्या दर्जाची' असें विधान करूं नये.

दुसरें असें कीं, पदवीपत्र तसबिरींत लावून ठेवण्याची हौस सर्वांस असते. प्रयोगवही, व्याख्यानांचीं टिपणें, छापील अभ्यासक्रम व प्रश्नपत्रिका मात्र रद्दींत जातात. खरें ज्ञान या दुसऱ्या ढिगांत आहे. पदवीपत्र सांगतें कीं मनुष्य उत्तीर्ण झाला. प्रयोगवही सांगते कीं तो काय शिकला. कॅल्किन्सच्या बाबतींत तर पहिला कागद कधीं निर्माणच झाला नाहीं.

वुंट १९२० सालीं वारल्यावर त्याचा खाजगी ग्रंथसंग्रह जपानांतील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठानें विकत घेतला; छापील ग्रंथ व सुटे निबंध मिळून पंधरा हजारांहून अधिक नग तिकडे गेले. आपल्या गुरूचीं पुस्तकें परदेशीं गेलीं याचें कोणाहि जर्मन शिष्यास वाईटच वाटलें असेल. परंतु १९४३ च्या ४ डिसेंबर रोजीं लाइप्झिगवर बाँबवर्षाव झाला व वुंटच्या संस्थेची इमारत नष्ट झाली. सेंदाईचा संग्रह आजहि शाबूद आहे. ज्यांनीं तो नेला ते परदेशीय होते. कागद जपण्याची बुद्धि मात्र त्यांस झाली. आपल्याकडील पहिल्या दोन पिढ्यांच्या मानसशास्त्र्यांच्या वह्या व पत्रें जेथें कोठें माळ्यांवर पडलीं असतील, तेथें ही बुद्धि वेळींच व्हावी, एवढीच प्रार्थना आहे.